तिसऱ्या होडीची उलांडी

मित्रांनो, मी एक जुनी उलांडी आहे. आख्खी होडी नव्हे. होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला, दोन आडव्या वाशांच्या टोकांना जो लांबट, हलका ओंडका बांधतात, तो ओंडका म्हणजे मी. मला होडीसारखे पुढचे टोक नाही, शीड नाही, माझ्यात कुणी बसत नाही. होडीची गोष्ट खरे तर होडीनेच सांगायला हवी. पण होड्या संपल्या आणि मी उरले. म्हणून ही गोष्ट एका बाजूची आहे.

मादागास्करच्या या किनाऱ्यावर, आम्हा वेझो लोकांत, होडीचे आयुष्य थोडके असते. काही हंगामांत तिचे पोट कुजते. मग तिचे वासे सोडवतात, नवी होडी कोरतात आणि तिला उलांडी मात्र जुनीच बांधतात. होडी मरते आणि उलांडी दुसऱ्या घरी नांदायला जाते.

पहिली

फाराफात्सेचे झाड तुम्ही पाहिले नसेल. त्याचे लाकूड वाळले की इतके हलके होते की बुडवू म्हटले तरी बुडत नाही. तेव्हा रान गावाजवळ होते. गावच्या होड्या कोरणाऱ्या वेलोने मला आणि पहिल्या होडीला एकाच खोडातून काढले. कुऱ्हाड घालण्याआधी त्याने बुंध्याशी दारूचे थेंब शिंपडले आणि झाडाची परवानगी मागितली. उन्हात लाकूड तडकते, म्हणून त्याने आम्हाला सावलीत ठेवले. रोज यायचा आणि बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचा. ओले लाकूड ‘भद’ म्हणते, वाळलेले ‘ठण’ म्हणते. आमच्याकडे हे पोरासोरांनाही कळते. पौर्णिमा आली, गेली, पुन्हा आली. वेलो थांबला. आम्ही ‘ठण’ म्हटल्यावरच त्याने डांबर तापवले.

ती माझी सख्खी बहीण होती. तिच्याबद्दल एवढेच.

दुसरी

सुखी होती. सांगण्यासारखे काही नाही.

तिसरी

दुसरी होडी कुजली तोवर रान कोळशाच्या भट्ट्यांत आणि मक्याच्या शेतांत गेले होते. होडी कोरण्याजोगे झाड मिळेना. मी वेलोच्या झोपडीमागे पडून राहिले आणि वेलोचा धाकटा भाऊ तोंबो, ज्याची ती होडी होती, तो आतल्या गावांत जाऊन परक्यांच्या शेतात मका खुरपू लागला.

मित्रांनो, वेझो जन्माने होत नाही. जो समुद्रावर जातो तो वेझो. गळाची दोरी ओढून बोटांवर पांढऱ्या रेघा पडतात, तीच आमच्या माणसाची खूण. शेतात राबता राबता तोंबोच्या रेघा पुसल्या.

तो गावी परतला तेव्हा किनाऱ्यावर फिरिंगा जाळे विणत बसला होता. फिरिंगाची जीभ गावात प्रसिद्ध.

“या, पाटील! मका कसा आलाय यंदा?” तो म्हणाला. “बघा रे, वाळूत कसा चालतोय. जपून, ढेकूळ लागेल पायाला.”

सगळे हसले. तोंबो सर्वांहून मोठ्याने हसला. घरी येऊन मात्र तो जेवला नाही. बायकोने, सोआझाराने, पुढ्यात ठेवलेला भात तसाच निवला.

वारा फिरला की आमच्या होड्या मिळून उत्तरेच्या वाळूच्या बेटांकडे निघतात आणि कित्येक महिने तिकडेच राहतात. शीड काढून त्याचाच तंबू करतात. तोंबोने भावाला सांगितले की या खेपेला मागे राहिलो तर पुन्हा कुणी मला वेझो म्हणणार नाही. वेलो कुऱ्हाड घेऊन निघाला. फार आत जाऊन त्याला एक झाड मिळाले, कोवळे आणि रसाने भरलेले. त्याने तेच तोडले.

होडी कोरून झाली तेव्हा बाकीच्या होड्यांत सामान भरणे सुरू होते. वेलोने तिसरीच्या पोटावर पेर ठोकले.

भद.

तोंबोने ऐकले. पिठाच्या पोत्यांचे शीड शिवत बसलेल्या सोआझारानेही ऐकले. तिने दात लावून दोरा तोडला. “हे लाकूड कुठलं, झाडच आहे अजून. पालवी फुटेल याला.”

“बरं की,” तोंबो म्हणाला. “समुद्रात सावली होईल.”

वेलो हसला नाही. अजून एक पौर्णिमा थांब, म्हणाला. एकटा मागून जा. पण एकटी होडी त्या वाटेने जात नाही, हे त्यालाही ठाऊक होते. तोंबोने फक्त दोन्ही हात भावासमोर धरले. गुळगुळीत बोटे.

वेलोने चूल पेटवली आणि डांबर चढवले.

डांबराने बाहेरचे पाणी आत येत नाही, मित्रांनो. आतलेही बाहेर जात नाही.

तिसरी (पुढे)

निघताना आमची होडी सर्वांत देखणी होती. काळी कुळकुळीत, पांढरे शीड. फिरिंगाने शेजारून जाताना वल्हे उंच केले आणि ‘चल रे वेझो’ अशी हाक मारली. त्या दिवशी मी तोंबोचा चेहरा पाहिला. तेवढा एक दिवस कुणी मला परत दिला तर बाकीचे सगळे मी देऊन टाकीन.

मग मला कळू लागले. वाशांतून कळते. मी लाटेवर अलगद चढत होते आणि पलीकडून एक वजन मला खाली ओढत होते. दर मुक्कामानंतर थोडे अधिक. तिसरी तरंगत नव्हती, पाण्यात बसत होती. सोआझारा वारा धरावा म्हणून शिडावर पाणी उडवायची, तोंबो वल्हे मारायचा, तरी पुढच्या होड्यांची शिडे बारीक होत गेली. मी करकरले. मला तेवढेच करता येते.

भर दुपारी, लख्ख उन्हात एक आडवी लाट होडीत शिरली. त्यात भिण्यासारखे काही नव्हते. आमच्या होड्या भरतात, उलटतात. माणसे एकमेकांना शिव्या देत, हसत पाणी उपसतात आणि पुन्हा चढून बसतात. वाळलेली होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी वरच राहते. तोंबोही हसतच पाण्यात उतरला. मग त्याने होडीच्या काठावर हात ठेवला आणि काठ हाताखालून खाली गेला.

त्याचे हसणे थांबले.

ती बुडत होती आणि वाशांना धरून मला नेत होती. तोंबोने सुरी काढून माझ्या दोऱ्या कापल्या. मी सुटून वर उसळले. तिसरी गेली. पांढरे शीड हिरव्या पाण्यात बराच वेळ दिसत राहिले.

दोघांनी मला धरले. आणि मी, जिला बुडवू म्हटले तरी बुडत नाही असे मी आताच तुम्हाला सांगितले, ती दोघांच्या भाराने पाण्याखाली गेले. वेलोने मला बारीक तासले होते. होडी हलकी पळावी म्हणून.

तोंबोने हात सोडला. मी वर आले. त्याने पुन्हा धरून पाहिले, मी पुन्हा खाली गेले. तिसऱ्यांदा त्याने धरले नाही.

“तू धर,” तो सोआझाराला म्हणाला. “मी पोहत येतो.”

“किनारा दिसत नाही, तोंबो.”

“वेझो आहे की मी,” तो म्हणाला.

आमचे शीड मागे दिसेना म्हणून सर्वांत आधी फिरिंगाची होडी वळली. त्यानेच सोआझाराला आणि मला उचलले. तोंबोला त्याने इतका शोधला की घसा बसून त्याच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या. तोंबो मिळाला नाही. पुरायला काही नाही, म्हणून त्याला आजही आपल्या माणसांच्या थडग्यांत जागा नाही.

गावी परतल्यावर सोआझारा वेलोला म्हणाली, “भद आवाज मीही ऐकला होता, दादा. शीड मीच शिवलं.”

वेलोने पुन्हा कुऱ्हाड धरली नाही. मला शेळ्या बांधू लागले. तो रोज येऊन मला ठोकायचा. मी ‘ठण’ म्हणायचे. तो पुन्हा ठोकायचा. जणू मी कधीतरी दुसरे काही बोलेन.

चौथी

आता फिरिंगाची होडी कुजली आहे आणि नवी त्याने घाईत स्वतःच कोरली आहे. काल तो मला मागायला आला. वेलोने मान फिरवली. सोआझाराने शेळ्या सोडल्या आणि मला उचलू दिले.

मी आत्ता त्याच्या नव्या होडीशेजारी वाळूवर आहे. डांबर अजून चिकट आहे. वासे बांधून झाले आणि त्यांतून ते मला कळले. तेच वजन. तोच गारवा.

सकाळी वेलो आला होता. त्याने होडीवर पेर ठोकले, एकदाच. फिरिंगा त्याच्याकडे पाहत उभा राहिला. ज्याने तोंबोला हाका मारल्या, तोच फिरिंगा.

“सगळे निघालेत, दादा,” तो म्हणाला. “मी मागं राहून मका लावू काय?”

वेलो वळला आणि घरी गेला.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल तर या. माझ्या दोऱ्या ताज्या आहेत, गाठी अजून ओल्या आहेत, लहान बोटांनाही सुटतील, आणि माझ्यावाचून होडी निघणार नाही. आणि तुमच्या घरी कुणी काही घडवत असेल, तर आधी ठोकून बघा. ऐकू सगळ्यांना येते. ऐकू आल्यावर थांबा, एवढेच मागते.

वाळूवर पावले वाजत आहेत. वल्ही आणली वाटते.