व्याह्यांचं शिसवी टेबल

गिटार बनवणाऱ्या त्या माणसाला एक खोड होती. लाकूड दिसलं की बोटाने टकटक करायचं आणि कान लावायचा. कारखान्यात ते कामाचंच होतं. गिटारची पुढची फळी स्प्रूस लाकडाची, हलकी पण ताठ. मागे मॅपल लावलं तर सूर स्वच्छ आणि चटकन थांबणारा, महोगनी लावली तर उबदार, शिसव लावलं तर खोल, घुमत राहणारा. पण लोकांच्या घरी ही खोड बायकोला घाम फोडायची.

लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला जाताना बायकोने बजावलं, "हात मांडीवर ठेवायचे."

"मी काय सुतारपक्षी आहे?"

व्याही हौशी गृहस्थ. जेवणाच्या टेबलावर थाप मारून म्हणाले, "अस्सल शिसवी! आमच्या आजोबांचं. तुम्ही जाणकार, बघा की!"

बायकोने टेबलाखालून पाय दाबला. पण आग्रहच झाला होता. त्याने टक् केलं, कान लावला, पुन्हा टक् केलं. चेहरा उतरला.

"काय म्हणतंय?"

"वरचा पापुद्रा शिसवी आहे," तो चाचरत म्हणाला. "आत... दाबलेला भुसा."

लेकीने रिकामाच पेला तोंडाला लावला. व्याह्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात विहीणबाईंना हसू फुटलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या,

"वीस वर्षं झाली! तुम्ही परगावी होतात. साफसफाईत जुन्या टेबलाचा पाय मोडला. मी रंग जुळवून नवं आणलं."

"आणि मी येईल त्याला आजोबांचं म्हणून सांगतोय?"

"इतक्या प्रेमाने सांगायचात, माझ्याने बोलवेना."

"मग जुनं कुठंय?" गिटारवाल्याने विचारलं.

जुन्या टेबलाच्या फळ्या दाराशी चपलांच्या मांडणीला लागल्या होत्या. दोघे व्याही ताटावरून उठले. चपला भराभर खाली आल्या. गिटारवाल्याने गुडघे टेकून फळी वाजवली. घंटेसारखा नाद घुमला.

"व्याहीबुवा, हे चपलांखाली?"

व्याह्यांनीही शेजारी बसून कान लावला. डोळे पुसले, मग म्हणाले, "घेऊन जा. पण गिटार माझी."

तीन महिन्यांनी गिटार पोचली. महिन्याभराने लेकीचा फोन आला.

"बाबा, सासऱ्यांनी शिकवणी लावलीय. सकाळी सहाला एकच धून, तीही अर्धी. आम्ही सगळे गच्चीत जाऊन चहा पितो."

"ते जाऊ दे. सूर घुमतो का?"

"घुमतो ना. कालच शेजारी विचारत होते, हे कधी थांबतं म्हणून."