पाचवा हात

ग्रामपंचायतीत नऊ मेंबर. चार सर्जेरावाचे, चार अप्पारावाचे, अन् मधोमध तुळजाबाई. आता गंमत बघा, सर्जेराव तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भाया. अन् अप्पाराव तिचा पाठचा भाऊ. गावातच दिलेली, त्यामुळं सासर अन् माहेर एकाच मारुतीच्या दोन अंगांना.

सर्जेरावानं तिला काही विचारलंच न्हाई. घरच्या बाईला काय विचारायचं? बायांची राखीव जागा निघाली तेव्हा फॉर्म त्यानंच भरला, तिनं अंगठा दिला. अप्पाराव मात्र ती कापूस वेचत होती तिथं बांधावर आला अन् म्हणाला, "अक्का, तुला काय वाटून राह्यलंय?" असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तिनं हातातला कापूस ओटीत टाकला अन् म्हणाली, "अप्पा, हात तुझ्याच नावाला वर करीन. बिलकुल."

सरपंच निवडायच्या दिवशी अंबडहून साहेब आले. "सर्जेरावांच्या बाजूनं हात वर करा." चार हात वर गेले. तुळजाबाईनं आपला हात मांडीखाली दाबून धरल्ता. तेवढ्यात किती हात झाले ते बघायला सर्जेराव उभा राहिला अन् खाकरला.

भाया खाकरला की पदर पुढं ओढायचा. चुलीपुढं असो की शेतात, लग्न झाल्यापासून डोक्याला कळायच्या आधी हात पदराला जातो. तसाच गेला.

"पाच," साहेब म्हणाले.

तिच्या ध्यानातच आलं न्हाई. अप्पारावाचं नाव निघालं तसा तिनं हात वर केला, चांगला ताठ.

साहेबांनी चष्मा सरकवला. "बाई, तुमचं मत मोजून झालं. दोघांना कसं देता?"

सगळे फिदीफिदी हसले. अप्पाराव हसला न्हाई. 

तिला सांगायचं एवढंच होतं, "साहेब, मी पदर घेत होते." पण समोर भाया. त्याच्यापुढं आजवर शब्द काढला न्हाई, तो आज चारचौघांत काढायचा? अगं बोल की बाई! कशाची बोलती. गुलाल उधळला, तिच्याही डोक्यावर पडला. तिला ना राग आला, ना रडू. अंग बधिर होऊन गेल्तं. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, अन् तव्यावर बोट भाजलं तेही तिला कळलं न्हाई.

दिवेलागणीला अप्पाराव दारात आला. हातात हिरवं लुगडं. बाई मेली की माहेरचं लुगडं अंगावर घालतात, ते भावानंच आणायचं असतं.

"हे आत्ताच ठेव," तो म्हणाला. "तवा मी येणार न्हाई."

त्यानं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं अन् पाठ फिरवली.

"अप्पा, थांब. मी तवा..."

अंगणात सर्जेराव खाकरला. तुळजाबाईचा हात पदराला गेला अन् शब्द तोंडातच राहिला. अप्पारावानं तेवढं वळून बघितलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. पण तो मारुतीपर्यंत पोचला होता.