चाळीस हजारांतून एक हाक

सामन्याला चाळीस हजार माणसं आली होती आणि त्यातली निम्मी आपल्याच पुढ्यात उभी आहेत असं भिंगरीला वाटत होतं. भिंगरी दहा वर्षांची. ती आजोबांबरोबर आली होती. आजोबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांना साखरेचा त्रास होता. इंजेक्शन घेतल्यावर जेवण लांबलं की साखर झपकन उतरायची. आज ते लांबलं होतं, कारण खाण्याच्या खिडकीपाशी मुंगी शिरायला जागा नव्हती.

शेवटच्या दहा मिनिटांत गोल झाला आणि मैदानावरचे सगळे फोन एकदम वर गेले.

"आजोबा, बघितलंत?"

आजोबांचं कपाळ घामाने थबथबलेलं. मुंगीएवढे स्क्रू बसवणारा तो हात पानासारखा थरथरत होता. "घड्याळाला किल्ली द्यायची राहिली," ते भलतंच काहीतरी पुटपुटले.

भिंगरीचं धाबं दणाणलं. तिने आत्याला फोन लावला. आत्या मोबाइल कंपनीच्या नियंत्रण कक्षात कामाला होती, तिला सगळं ठाऊक असायचं. घरात सगळे ॲपवरूनच बोलायचे, तोंड दिसतं म्हणून. भिंगरीने तेच केलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. परत लावला. परत चक्र. "आजोबांना कसंतरी होतंय" असा निरोप टाकला, तोही जागचा हलेना.

"अगं, मघापासून माझंही तसंच," मागच्या रांगेतला शिंपी म्हणाला. "सगळे एकदम व्हिडिओ पाठवायला बसलेत. आता कुणाचा फोन लागायचा नाही."

"पण रेंज तर पूर्ण आहे."

"दिसायला पूर्ण. आमच्या दुकानातल्या शोभेच्या सुटासारखी."

भिंगरीला रडू फुटणार, तेवढ्यात पायरीवरची लाल पाटी दिसली. तातडीच्या मदतीचा नंबर. लागणार नाही हे धरूनच तिने तो दाबला.

दुसरी घंटा वाजायच्या आत एक बाई बोलली. शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आवाज. "घाबरू नकोस. कुठे आहेस? रांग कितवी? आजोबा शुद्धीवर आहेत? घोट गिळता येतोय? मग काहीतरी गोड दे. मी फोन ठेवत नाही."

शिंप्याने विनोद सोडून आपली सरबताची बाटली पुढे केली. अर्धी बाटली पोटात गेली, तोवर फोनवरच्या बाईने धाडलेली फाटकावरची डॉक्टरीणबाई पिशवी सावरत जिना चढून आली. थोड्या वेळाने आजोबांनी भिंगरीकडे नीट बघितलं आणि विचारलं, "जिंकलं कोण?" तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

दोन दिवसांनी आत्या दोघांना कामावर घेऊन गेली. आजोबांचाच हट्ट होता. मोठी थंडगार खोली, भिंतभर पडदे, त्यांवर सरकणाऱ्या रेघा.

"माझा मदतीचा फोन लागला, मग मागे बसलेल्या काकांचं काहीच का जाईना?" भिंगरीने विचारलं.

"एक टॉवर आणि चाळीस हजार तोंडं," आत्या म्हणाली. "सगळ्यांना एकदम जागा कुठून देणार? म्हणून कोण थांबू शकतं ते आधी बघायचं. व्हिडिओ थांबला तर कुणाचं काही अडत नाही. निरोप पाच मिनिटांनी गेला तरी चालतो. पण बोलणं थांबलं की त्याचे तुकडे होतात, म्हणून नंबर दाबून केलेल्या फोनला वेगळी वाट राखलेली असते. ॲपवरचा फोन मात्र व्हिडिओंच्याच गर्दीत उभा राहतो."

"म्हणजे नंबर दाबला असता तर तू लागली असतीस?"

"बहुतेक लागले असते." आत्याने मान खाली घातली. "ॲपची सवय मीच लावली सगळ्यांना. दिवसभर इथे हेच सांभाळते आणि घरी कुणाला सांगायचं सुचलं नाही."

"चांभाराची बायको अनवाणी फिरावी, तशी गत झाली म्हण की," आजोबा म्हणाले. आत्या हसली नाही.

तिने मैदानावरच्या टॉवरची ती वेळ पडद्यावर आणली. रेघांचं नुसतं जंगल, आणि त्यातून आरपार गेलेली एक लाल बारीक रेघ.

"त्या मिनिटाला मदतीचा असा एकच फोन झाला. तू तोंड उघडायच्या आधीच तुझ्या फोनने टॉवरला सांगितलं, हा फोन संकटातला आहे. लगेच जागा झाली."

"कुणी दिली?"

"आजूबाजूच्या सगळ्यांनी थोडी थोडी. कुणाचा व्हिडिओ जरासा धुरकट झाला, कुणाचं चक्र एक फेरा जास्त फिरलं."

"त्यांना कळलं?"

"एकालाही नाही."

आजोबा पडद्याशी वाकले, घड्याळाच्या पोटात बघायचे तसे. "कुणी ठरवलं गं हे?"

"देशोदेशीच्या माणसांनी. वर्षानुवर्षं बसून, वाद घालून, की कुणाला आधी जाऊ द्यायचं."

"आणि त्यांतल्या कुणाला मी ठाऊक नव्हतो."

इतक्यात शेजारच्या पडद्यावर तशीच एक लाल रेघ उगवली.

"ही आत्ताची," आत्या हळूच म्हणाली.

"कुणाची?"

"ते आम्हाला दिसत नाही. वाट मिळाली की नाही, एवढंच दिसतं."

तिघं बघत राहिली. रेघ गर्दीत शिरली, कुठेही न अडखळता पलीकडे निघाली, आणि आजोबांनी भिंगरीचा हात घट्ट धरला.

"मिळाली," भिंगरी म्हणाली.