ओळ नंबर दोनशे दहा

मित्रांनो, माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एक करडी लोखंडी पेटी पडलेली दिसते का? समोर छोटी काच, काचेआड एक काटा आणि मागे जाडजूड वायर. तोच मी. मी एक जुना स्टॅबिलायझर आहे. विजेचा दाब वरखाली झाला की तो सावरून धरायचा आणि फारच खाली गेला तर वीज तोडून टाकायची, एवढेच माझे काम. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा आहे. पण ज्याला सदान्‌कदा धास्ती वाटत नाही, तो स्टॅबिलायझर काय कामाचा?

इंदूरच्याच एका लहानशा कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली गेली. तिथून मी सुदामा नगरात दौलतरावांच्या घरी आलो, तो त्यांच्या नव्याकोऱ्या फ्रीजच्या दिमतीला. दौलतरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. पहाऱ्याची हौस वंशात उतरली होती, पण पहारा द्यायला घरात फ्रीजशिवाय काही उरले नव्हते. रोज संध्याकाळी ते माझ्यापुढे वाकून काटा बघत, माझ्या डोक्यावर तळहात ठेवून ताप तर नाही ना हे पाहत आणि मगच चहाला बसत. पाहुणे आले की सांगत, "बिजली कितीही नाचू दे, आपला हा पठ्ठ्या हलत नाही." मी आत कट् कट् करत घामाघूम झालेलो असे, पण असे काही ऐकले की बरे वाटायचे.

दौलतरावांच्या सूनबाई शालिनी राजवाड्याजवळच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. संगणक हा शब्द तेव्हा नवा होता. शहरातल्या काही हौशी मंडळींनी संगणकप्रेमींचे एक मंडळ काढले होते आणि त्या वर्षी त्यांनी पहिले संमेलन भरवायचे ठरवले, तेही शालिनीबाईंच्याच शाळेत. भाषणे होती, प्रदर्शन होते आणि प्रोग्रामिंगचे वर्ग होते. मुलींचा वर्ग शालिनीबाईंकडे आला. संमेलन संपले की मंडळाचा एक संगणक कायमचा वापरायला एका संस्थेला मिळणार होता. एक तर ही शाळा, नाही तर एक मोठे कॉलेज. शेवटच्या दिवशी वर्गाचे काम बघून मंडळाचे सचिव शंकरराव निर्णय देणार होते.

शाळेतली वीज म्हणजे लहरी पाहुणा. म्हणून शालिनीबाईंनी घरी माझी मागणी केली.

"आणि फ्रीज?" दौलतराव एकदम उभेच राहिले. "अगं सूनबाई, दूध फटलं तर मी काय करू, बताओ!"

"तीन दिवसांचीच बात आहे, मामंजी. मशीन जळली तर मुलींना पुन्हा कोण देणार?"

दौलतरावांनी वाकून एकदा माझा काटा बघितला. मग त्यांनी स्वतः माझी वायर गुंडाळली आणि मला जुन्या सतरंजीत बांधून दिले. अन्नपूर्णा मंदिरावरून राजवाड्याकडे जाणाऱ्या टेम्पोत शालिनीबाईंनी मला मांडीवर घट्ट धरले होते. प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघेही दचकत होतो.

वर्गात मला टेबलाखाली ठेवले. तिथून मला माणसांचे चेहरे दिसत नसत, पायच दिसत. पण मित्रांनो, पाय खोटे बोलत नाहीत. शालिनीबाईंचा आवाज खणखणीत असला तरी त्यांच्या टाचा सारख्या थरथरत, हे त्या शाळेत फक्त मला ठाऊक होते.

मुली वीसबावीस आणि संगणक एक. मग शिकवायचे कसे? बाईंनी त्यावर एक युक्ती काढली. पाढ्यांच्या खेळाचा एक प्रोग्राम त्यांनी तयार केला आणि त्याची एकेक ओळ एकेका मुलीला देऊन टाकली. ओळींना नंबर असत, दहा, वीस, तीस असे. "आता तू मुलगी नाहीस, तू ओळ आहेस," त्या सांगत. मुली रांगेत उभ्या राहत. ज्या मुलीचा नंबर येई ती आपली ओळ म्हणे आणि पुढचीच्या खांद्याला हात लावी. इंदुमती नावाची एक किडकिडीत मुलगी होती, पांढरे कॅनव्हासचे बूट, उजव्याची नाडी नेहमी सुटलेली. तिची ओळ दोनशे दहा. ती म्हणजे प्रोग्रामला पुन्हा मागे पाठवणारी ओळ. "दोनशे दहा, नेक्स्ट आय!" असे ओरडून ती रांगेच्या सुरुवातीकडे पळत जाई आणि तिथल्या मुलीला टपली मारी. मग सगळे पुन्हा सुरू. ती पळाली नाही, तर खेळ एकच प्रश्न विचारून गप्प बसे.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून मुलींनी एकेक करून आपापली ओळ संगणकात टाईप केली. टेपरेकॉर्डरवर प्रोग्राम साठवता येत असे, पण तो टेपरेकॉर्डर शेजारच्या वर्गात अडकला होता आणि शेवटी आमच्याकडे यायचा होता. तोवर सगळा खेळ संगणकाच्या आठवणीत होता, आणि तेव्हाच्या संगणकाची आठवण वीज जाताच कोरी पाटी होई. माझा काटा तर सकाळपासूनच काचेआडच्या हिरव्या पट्ट्याच्या काठावर लटपटत होता. माझे सगळे लक्ष त्या काट्यावर होते. देवा, एवढा तासभर निभावून ने, असे मी घोकत होतो.

शंकरराव आणि पाहुणे येताहेत, अशी वर्दी आली. आता इंदूरमध्ये पाहुण्यांपुढे गार पोहे ठेवायचे म्हणजे त्यांचा अपमानच. पोह्यांचे पातेले व्हरांड्यात होते, पाहुण्यांना उशीर झाला होता आणि पोहे निवले होते. इंदुमतीवर वाढण्याचे काम होते. तिने चांगल्या मनाने विजेची शेगडी आणली आणि व्हरांड्यातल्या प्लगमध्ये लावली. तो प्लग आमच्याच वर्गाच्या लाइनवर होता.

माझा काटा धाडकन खाली आला. मी कट् केले आणि दाब उचलला. पुन्हा कट्. अजून थोडा उचलला. अंग तापू लागले. शालिनीबाईंनी तो आवाज ओळखला. "कोणी काही लावलंय का? बंद करा, जल्दी!" त्या ओरडल्या. पण काटा लाल रंगात शिरला होता. तिथे शिरला की मला वीज तोडावीच लागते, नाही तर संगणक जळतो. मी तोडली.

पडदा काळा झाला. सकाळभराची मेहनत एका कट्‌मध्ये पुसली गेली. संगणक वाचला होता, पण मला इतके वाईट कधीच वाटले नव्हते.

व्हरांड्यात कुणीतरी शेगडी ओढून काढली. पांढरे बूट धावत स्वयंपाकाच्या खोलीकडे गेले. त्याच वेळी दारातून चकचकीत काळे बूट आत आले. ते शंकरराव.

"शालिनीजी, पडदा तर बंद दिसतोय."

"प्रोग्राम गेला, सर. आम्ही पुन्हा घालतो."

"आता? देखो, मला अजून तीन वर्ग बघायचेत. कॉलेजवाल्यांचं तर सगळं रेडी आहे."

"ओळी मुलींजवळ आहेत," बाई म्हणाल्या. त्यांच्या टाचा नुसत्या थडथडत होत्या.

दाब पूर्वपदावर आला. मी सवयीने जरा थांबून पाहिले आणि वीज सोडली. बाई टाईप करायला बसल्या. "दहा!" त्या म्हणाल्या. एका मुलीने उभे राहून आपली ओळ सांगितली. "वीस!" दुसरी उभी राहिली. तीस, चाळीस, पन्नास. कुणीही अडखळले नाही. शंकररावांचे बूट हळूहळू टेबलाजवळ सरकले. काटा काठावरच होता आणि मी श्वास रोखून धरला होता.

"दोनशे!" झाले. मग "दोनशे दहा!"

कोणी उभे राहिले नाही.

"इंदुमती आत रडतेय, बाई," सरिता नावाची एक मुलगी हळूच म्हणाली. "शेगडी तिनेच लावली होती. ती म्हणते, मी नाही येणार."

"अहो, मग तुम्हीच टाका ना," शंकरराव घाईने म्हणाले. "प्रोग्राम तुमचाच तर आहे. एक लाइन की तो बात है."

बाईंना ती ओळ पाठ होती, मलासुद्धा पाठ होती. चार कळा दाबल्या की काम झाले असते आणि संगणक शाळेचा झाला असता. मी मनात म्हणत होतो, टाका हो बाई, टाका, हा काटा कधी दगा देईल सांगता येत नाही. पण बाईंनी हात मांडीवर ठेवले.

"सर, ती ओळ इंदुमतीची आहे. तीच सांगेल." मग त्यांनी मागे वळून आवाज दिला, "सरिता, तिला सांग की आम्ही दोनशेपाशी थांबलोय. तिच्याशिवाय खेळ पुढे जात नाही."

सरिताची पावले आतल्या खोलीकडे पळाली. शंकररावांचा एक बूट दाराच्या दिशेने वळला. काटा थरथरला. कट्. मी सावरले. बाईंच्या टाचा आता जमिनीवर टेकतच नव्हत्या.

आणि मग दारात पांढरे बूट दिसले. उजव्याची नाडी सुटलेली, टोकावर पोह्यांची हळद. ते आत येईनात आणि मागेही जाईनात.

"ये," बाई म्हणाल्या. "ओळ?"

"दोनशे दहा," रडून बसलेल्या आवाजात उत्तर आले. "नेक्स्ट आय."

शेवटच्या मुलीने शेवटची ओळ सांगितली आणि बाईंनी प्रोग्राम चालवला. सत्तावीस नवे किती, असा प्रश्न पडद्यावर आला. शंकररावांनी पुटपुटत उत्तर दाबले. मग दुसरा प्रश्न आला. मग तिसरा.

"अरे, हा तर थांबतच नाही!" शंकरराव हसत म्हणाले.

"दहा प्रश्न होईपर्यंत थांबणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याला मागे पाठवणारी ही बघा, इंदुमती."

त्या वेळी बाईंच्या टाचा पहिल्यांदाच जमिनीवर स्वस्थ टेकल्या.

संगणक शाळेला मिळाला. संध्याकाळी दौलतराव मला न्यायला आले. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, वाकून माझ्या डोक्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे याला इथेच, सूनबाई. मुलींचं काम मोठं आहे. दुधाचं काय, दोन वेळा ताजं आणू."

पुढे कितीतरी वर्षे मी त्या टेबलाखाली राहिलो. मग नवी यंत्रे आली, त्यांना माझी गरज उरली नाही आणि मी या माळ्यावर परत आलो. दौलतराव आता नाहीत. माझ्या डोक्यावर तळहात ठेवून ताप पाहणारेही कुणी नाही. काचेवर धूळ साचली आहे, काटा शून्यावर पडून आहे. वाईट वाटते, नाही असे नाही.

मित्रांनो, जमले तर कधी माझ्यावरची धूळ पुसा. नाही जमले तरी चालेल. पण एवढे मात्र करा. कुणाच्या हातून चुकून सगळ्यांचे काम पुसले गेले, तर त्याची ओळ दुसऱ्याला देऊन टाकू नका. काटा लाल रंगाकडे झुकत असला तरी थोडे थांबा. ज्याच्या हातून चूक झाली, तो दारापाशीच उभा असतो.