दोन पहिले नंबर

देवळ्यातल्या एका खासगी कांदा बाजारात ट्रॅक्टरांना लिलावाचे नंबर देणारा प्रोग्राम आफियाने लिहिला, तो २००४ साली. नाशिकच्या ऑफिसात तो महिनाभर बिनचूक चालला. देवळ्यात मात्र पहिल्याच सकाळी दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्हींतून एक नंबरची चिठ्ठी बाहेर पडली. मागोमाग दोन, तीन, चार, सगळे जोडीनेच.

"माझा बी एक, ह्याचा बी एक," कारभारी नावाचा शेतकरी खिडकीवर चिठ्ठी ठेवत म्हणाला. "मंग पहिला कोन?"

लिलाव थांबला. आफियाचे कान तापले. प्रोग्रामच्या आत नंबर मोजून देणारा भाग, म्हणजे ऑब्जेक्ट, एकच राहावा, म्हणून तर तिने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे तो बनवणारा कोड, प्रायव्हेट ठेवला होता. कुणालाही परस्पर नवा बनवता येत नव्हता. खिडकीने मागणी केली की प्रोग्राम आधी बघायचा, ऑब्जेक्ट आहे का? असला तर तोच द्यायचा, नसला तरच बनवायचा. मग दुसरा आला कुठून?

"कलाबाई, पहिली चिठ्ठी कुणी काढली?" तिने एका खिडकीवरच्या बाईंना विचारलं.

"मी आन् पलीकडच्या वाल्मीकनं. घंटा झाली, दोघांनी संगंच बटन दाबलं."

आफिया ताडकन उठली. ऑफिसात ती एकटीच बटण दाबायची. इथे दोघांसाठी प्रोग्रामने एकाच क्षणी पाहिलं, ऑब्जेक्ट आहे का? दोन्हीकडे उत्तर आलं, नाही. म्हणून दोन बनले.

तिची बोटं कीबोर्डवर नुसती धावू लागली. आता प्रोग्राम सुरू होतानाच ऑब्जेक्ट तयार होणार होता, कुणी मागण्याआधीच. 'आहे का, नाही का' हा प्रश्नच तिने काढून टाकला. चार ओळी खोडल्या, एक लिहिली.

"मी तीन म्हटलं की दोघांनी दाबा."

या वेळी चिठ्ठ्या निघाल्या, एक आणि दोन. तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा एक आणि दोन. सहाव्या खेपेला कारभारीही खिडकीत डोकं घालून तिच्याबरोबर मोजत होता. दहाव्या खेपेनंतरही तिला थांबवेना.

"पोरी, आता खऱ्या ट्रॅक्टरला देऊ दे की," कलाबाई हसत म्हणाल्या.

जुन्या चिठ्ठ्या परत घेतल्या, नव्या निघाल्या. कारभारीला दोन नंबर मिळाला. तो चिठ्ठी घेऊन ट्रॅक्टरकडे गेला.

आफियाने नाशिकच्या ऑफिसात तिच्या वरिष्ठांना, ललित सरांना, फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"हळू," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

तिने आनंदाने पहिल्यापासून सुरुवात केली.