धडधाकट

सदाशिवरावांच्या दुकानासमोर आल्यावर रहेमानने चप्पल काढली, उलटी करून झटकली आणि पुन्हा पायात घातली. आत खडाबिडा काही नव्हता. पण तेवढ्यात छातीतला भाता जरा सावरला आणि त्याने दुकानात डोकावून विचारलं,

"काय सदाशिवराव, आईचा मोतीबिंदू काय म्हणते?"

"काढला एकदाचा, यवतमाळले नेऊन. या, बसा ना रहेमानभाई."

"आज नाई. जीनमंदी डागदर येऊन राह्यला."

दारव्ह्याच्या बाजारात रहेमानइतका अगत्याचा माणूस नाही, असं सगळ्यांचं मत झालं होतं. हे मत गेल्या दोन वर्षांतलं. त्याआधी तो मान खाली घालून, झपाझप पाय टाकत कापसाची जीन गाठणारा फिटर होता आणि वाटेत कुणी रामराम घातला तरी त्याला ऐकू जात नसे. आता घरापासून जीनपर्यंत जितकी दुकानं, तितक्यांची खुशाली तो विचारी. कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक बाळंतपणाला आली, त्याला सगळं ठाऊक. वय झालं की माणूस मायाळू होतो, असं लोक म्हणत. वय होतं बेचाळीस. माया खोटी नव्हती, पण आधी दम लागायचा आणि मग माया यायची.

ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय, जैबुनबीशिवाय, कुणालाच माहीत नव्हती. नागपूरचा डॉक्टर कामगारांना प्रश्न विचारायला येणार असं कळल्यापासून तिने नवऱ्याची तयारी करून घ्यायला सुरुवात केली होती. चुलीपुढे बसून ती डॉक्टर व्हायची आणि तो समोर उकिडवा बसून उत्तरं द्यायचा.

"लंबं बोलाचं नाई," ती बजावायची. "'हो सायेब', 'नाई सायेब'. बस. लंबं बोलाले गेले का मधातच फुसकन होते तुमचं."

"आन् खोकला आला तं?"

"आला तं गिळा."

"खोकला का भाकर हाय व गिळाले?"

ती हसली आणि तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मोहिउद्दीनचं काय झालं, पाह्यलं ना तुमी?"

मोहिउद्दीनचं काय झालं ते सगळ्या मोहल्ल्याने पाहिलं होतं. मागच्या हंगामात जीनमध्ये काम करताना तो मालकांसमोर, शेठजींसमोर, खोकला. शेठजी मोठ्या प्रेमाने म्हणाले, "अरे, घरी जा, थोडा आराम कर." तो आराम अजून चालू होता. बायको दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची आणि मोहिउद्दीन ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहायचा. रहेमानला त्या ओट्यावरून जाताना त्याच्याकडे बघवत नसे.

जीनच्या आवारात कडुनिंबाखाली ऑफिसातलं टेबल आणून ठेवलं होतं. हंगाम नुकताच लागला होता. कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या होत्या आणि आत सरकी काढणारे रेचे धडधडत होते. रुईची बारीक धूळ दारातून बाहेर तरंगत यायची आणि झाडाखाली बसलेल्यांच्या भुवयांवर बसायची. मुकादम बबनराव टेबलामागे हाताची घडी घालून उभा होता.

"आजारी कोन कोन हाये, ते पाहून राह्यले," सकाळीच तो सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता. डॉक्टर कशासाठी आलाय हे खरं तर त्यालाही माहीत नव्हतं. पण मला माहीत नाही असं म्हणणारा मुकादम अजून जन्माला यायचा होता.

डॉक्टरचं नाव भीमराज वानखडे. किडकिडीत, तरुण, हळू बोलणारा. त्याने छातीला नळी लावली खरी, पण ती सर्वांत शेवटी. आधी तो घरचंच विचारत बसे. रात्री किती उशा घेता? पाणी कोण भरतं? नातलगांच्या लग्नाला जाता का? लोक चक्रावले. डॉक्टर जीभ बघतो, डोळे बघतो. सोयरीक जमवायला आल्यासारखं विचारणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता.

रहेमानच्या पुढे लालसिंगचा नंबर होता. लालसिंग तांड्यावरून यायचा, रेच्यात कापूस टाकायचं काम करायचा. तो स्टुलावर असा बसला, जणू आता काय व्हायचं ते होवो.

"घरी पाणी कोण भरतं?" डॉक्टरने विचारलं.

"आंधी मी भरो. आता बायको भरते."

"पोरांशी खेळता?"

"नाई सायेब. हासलो का खोकला येते. मंग हासनंच सोडून देल्लं."

रहेमानने डोळे मिटले. संपला बिचारा, त्याच्या मनात आलं. बबनरावाच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

मग रहेमान बसला. रेच्याच्या पट्ट्यात हात सापडता सापडता वाचला होता, तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. पट्टा निदान दिसतो तरी. हा माणूस पुढे काय विचारील ते कळत नव्हतं.

"रात्री झोप कशी लागते?"

"चांगली, सायेब."

"आडवं होऊन? की बसून?"

"आडवंच."

गेला पावसाळाभर तो भिंतीला टेकून झोपला होता.

"घरापासून इथवर न थांबता येता?"

"हो सायेब."

"सुटी झाली की दुसऱ्या दिवशी, कामावर आल्या आल्या छाती आवळल्यासारखी होते? बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त?"

रहेमानच्या मानेवरून घाम ओघळला. बाजाराच्या दिवशी जीन बंद असायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेच्यांजवळ गेलं की कुणीतरी छातीभोवती दोर फिरवून पिळा देतोय असं त्याला व्हायचं. हे त्याने जैबुनलासुद्धा सांगितलं नव्हतं. नागपूरच्या माणसाला कुणी सांगितलं? तयारीत हा प्रश्न नव्हता. बबनराव वाकून ऐकत होता.

"नाई सायेब. अल्ला कसम, नाई."

कसम कुणी मागितली नव्हती. डॉक्टरने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं.

"पूर्वी करत होता आणि आता सोडून दिलं, असं काही?"

रहेमानचा हात आपसूक गळ्यावर गेला. अकरा वर्षं मोहल्ल्याच्या मशिदीत संध्याकाळची अजान त्याने दिली होती. त्याचा आवाज कापसाच्या बाजारापर्यंत पोचायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने घसा बसल्याचं निमित्त सांगितलं आणि तेव्हापासून तो मागच्या रांगेत उभा राहायचा. त्याने गळ्यावरचा हात कॉलर नीट करायला नेल्यासारखा केला.

"काई नाई सोडलं," तो म्हणाला.

"छान. आता त्या जिन्याने वर जाऊन खाली या बरं."

लाकडी जिना रेच्यांच्या माळ्यावर जायचा. रहेमान उठला. अर्ध्यात पोचला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण फिटरच्या जातीला थांबायला कारण शोधावं लागत नाही. तो कठड्यावरून वाकला, शेजारून फिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर तळहात ठेवला, कान दिला आणि गरम आहे की थंड ते अजमावत असल्यासारखा उभा राहिला. बेअरिंग चांगलं थंडगार होतं. उतरताना त्याने पलीकडचंही बेअरिंग तपासलं.

"याच्यावर थोडं तेल सोडाव लागते," खाली आल्यावर तो बबनरावाला एवढंच म्हणाला आणि तोंड मिटून नाकाने श्वास घेत राहिला.

डॉक्टर कौतुकाने हसला. "परीक्षा चाललीये तरी लक्ष कामावर. वा!" शेवटी नळी लावली तेव्हा रेच्यांच्या धडधडीत त्याला काय ऐकू आलं असेल कोण जाणे. त्याने मान डोलावली आणि रहेमानला जाऊ दिलं. रहेमान पाण्याच्या रांजणामागे गेला आणि कुणी बघत नाहीसं पाहून तिथे खाली बसला. सुटलो, असं त्याला वाटलं.

दुपार कलल्यावर रेचे बंद करून सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. आता नावं घेणार, म्हणून माणसं एकमेकांच्या मागे सरकत होती. डॉक्टर टेबलाला टेकून उभा राहिला.

"शेठजींशी माझं आधीच बोलणं झालंय," तो म्हणाला. "ज्यांना दम लागतो, ते हा हंगामभर आत येणार नाहीत. बाहेर, सरकीच्या ढिगाजवळ, मोकळ्या हवेत काम करतील. रोजी तीच राहील. होळीनंतर मी पुन्हा येईन आणि हेच प्रश्न विचारीन. धूळ कमी झाली तर माणसाचं जगणं किती सुधारतं, ते मला मोजायचंय. पाणी भरता येतं का, झोप लागते का, हसू येतं का."

मागून एक जण म्हणाला, "हे आंधीच काहून नाई सांगतलं, सायेब?"

"सांगितलं असतं, तर तुम्हा सगळ्यांनाच दम लागला असता!"

सगळे खदखदून हसले. रहेमानही हसला, खोकला येणार नाही इतपत. लालसिंग नुसता उभा होता. बबनरावाने त्याचा दंड धरून त्याला सरकीकडे उभं केलं, तेव्हा कुठे त्याला कळलं, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याच्यामागे आणखी चौघंपाचजण गेले.

डॉक्टर रहेमानजवळ आला आणि त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि मापाला एक धडधाकट माणूस लागतो. आजारी किती आजारी आहे, हे निरोगी माणसाशेजारी उभं करूनच कळतं. रहेमानभाई, तुम्ही आत राहायचं. रेच्यांजवळ, पूर्ण हंगाम. मुकादम, यांना मध्येच बाहेर हलवू नका हं, नाहीतर माझं सगळं मोजमाप बिघडेल."

"फिटरबिगर रेचे चालते का सायेब?" बबनराव म्हणाला. "हा कुठी जात नाई."

रहेमानच्या ओठांवर शब्द आले होते. सायेब, मी खोटं बोललो. चारच तर शब्द. पण समोर बबनराव होता. शिवाय आज बाहेर म्हणजे सरकीजवळ, उद्या बाहेर म्हणजे फाटकाबाहेर होणार नाही कशावरून? शेठजींचं प्रेम त्याने पाहिलं होतं. आणि अल्लाची कसम घेतली होती, तीही न मागता.

"चालते ना, रहेमानभाई?"

"चालते, सायेब."

डॉक्टर संध्याकाळच्या एस.टी.ने यवतमाळला जाणार होता.

घरी पोचेपर्यंत रहेमानने मनाशी सगळं जुळवलं होतं. आपल्याला जमलं नाही, पण जैबुनला जमेल. बुरखा घालून ती स्टॅण्डवर जाईल, डॉक्टरला बाजूला घेईल आणि सांगेल. तिथे बबनराव नसेल. ती नीट सांगेल; शब्द तिला कधीच कमी पडले नाहीत. डॉक्टर रागावेल, पण मनाचा वाईट नाही. गाडी सुटायला अजून वेळ होता. फक्त तिला हे एवढं सगळं समजावून सांगायचं होतं.

जैबुनबी दारातच उभी होती. "काय झालं?"

त्याने थांब असा हात केला. बोलण्याइतका श्वास अजून जमला नव्हता.

"पास?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ते खरंच होतं.

"या अल्ला!" तिने दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि डोळे पुसले. पहाटेपासून काही खाल्लं नसावं, ओठ कोरडे पडले होते. "रडूनच राह्यली होती मी इथं बसून. सगळं इचारलं त्यानं? खोकला नाई आला ना?"

त्याने खाटेवर बसता बसता नाही म्हणून मान हलवली आणि तिचा हात धरायला हात पुढे केला. पण ती आत गेली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत गुळाचे खडे होते.

"जैबुन," तो म्हणाला, "ऐक..."

"बसा तुमी, दमले असान. म्या कबूल केलतं, पाच घरी तोंड गोड करीन म्हून. आलीच."

"अगं, गाडी..."

ती उंबऱ्याबाहेर पडली होती. रहेमान उठला, भिंतीला धरत धरत दारापर्यंत आला आणि चौकटीला टेकला. त्याने तिला हाक मारली. तोंड उघडलं, पण हवाच बाहेर आली.

गल्लीत दोन घरं मागे पडली होती. तिसऱ्या दारात जैबुनबीचा आवाज खणखणीत वाजत होता, इतक्या दिवसांत वाजला नव्हता तसा.

"आमच्या जमिलाच्या अब्बाले डागदरनं सोता सांगतलं, एकदम धडधाकट हाये म्हणे! घ्या, तोंड गोड करा."

स्टॅण्डकडून एस.टी.चा भोंगा ऐकू आला. रहेमानने हात वर केला आणि तो तसाच धरून ठेवला. जैबुनबीने वळून पाहिलं, हसली, आलेच म्हणून मान हलवली आणि चौथ्या दारात शिरली.