घासून काढलेले दिवे

"हे कोणी घासलंय?"

गॅरेजवाल्याने गाडीच्या पुढच्या दिव्यावरून अंगठा फिरवला आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. रुमाल हातातच होता.

"पिवळेपणा उन्हानं येतो ताई, सगळ्याच गाड्यांना येतो. पण हे ओरखडे बघा. भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी! अहो, ही काच नाही, प्लॅस्टिक आहे. वर ऊन सोसणारा पातळ थर असतो, तोच खरवडून काढलाय. मग उजेड पुढे जाणार कसा? आतच घुटमळणार."

दर रविवारी गाडी मी धुते. मुलगी झाल्यापासून मला कुठे डाग म्हणून सहन होत नाही. दाराच्या कड्यासुद्धा पुसते. दिव्यांवर पिवळी झाक दिसली तेव्हा कढई घासावी तसे ते घासले. ओले असेपर्यंत लख्ख दिसायचे. वाळले की पुन्हा धुरकट. मग पुढच्या रविवारी आणखी जोर.

शेजारी माझे सासरे उभे होते. एकतीस वर्षं त्यांनी प्रवासी बस चालवली, आणि तेवढ्या वर्षांत एका कोंबडीलाही धक्का लागला नाही, हे ते पाहुण्यांना न विचारता सांगायचे.

'सांगायचे' म्हणते, कारण चार महिन्यांपासून सांगत नाहीत. तेव्हा तिन्हीसांजेला पोरीला पोहण्याच्या क्लासवरून आणताना गाडी ते चालवत होते, मी मागे तिच्याजवळ होते. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी खडीचा ढीग टाकला होता. चाक त्यावर चढलं, गाडी कलली, आणि पोरीचा ओठ दाताखाली येऊन फुटला. रक्त थेंबभर. ओरडले मात्र मी गल्ली गोळा होईल इतकी.

"दिवा पुढे पोचत नाही गं," ते म्हणाले. "मागेच म्हटलं होतं मी."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी जमलेल्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले. "दिवा नाही बाबा, तुमची नजर मंद झालीय."

घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. वाद नाही, रुसवा नाही. शेजाऱ्याने कुठे सोडायला सांगितलं तर म्हणू लागले, "नको रे, मला आता दिसत नाही." वर्तमानपत्र खिडकीशी नेऊन वाचू लागले. जिना उतरताना कठडा धरू लागले. मी हे सगळं पाहत होते आणि मनात म्हणत होते, बघा, मी सांगत होतेच.

काल संध्याकाळी गाडी माझ्या हातात होती आणि हातगाडी ढकलणारी एक बाई मला अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही. ब्रेक लागला म्हणून बरं. माझं वय बत्तीस, चष्मा नाही. म्हणून आज इथे. बाबा "एकटी कशाला जातेस" म्हणून सोबत आले.

"सांगा की, कोणी घासलं?" गॅरेजवाल्याने पुन्हा विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दिव्याकडे पाहत होते.

"आमच्या बसचे दिवे काचेचे होते. राखेनं घासायचो. तीच खोड."

"कमाल करता काका! बस चालवायचो म्हणता, आणि एवढं कळू नये? स्वतःच्याच पायावर धोंडा!"

गॅरेजातली माणसं हसली. बाबाही हसले. मी तोंड उघडलं.

"किती वेळ लागेल?" एवढंच बाहेर पडलं.

दोन तास लागले. बारीक पॉलिश पेपर, पाण्याची धार, मग मलम, शेवटी नवा लेप. गॅरेजवाला बाबांना बजावत होता, "साधं साबणाचं पाणी, मऊ फडकं. गाडी सावलीत लावा. वर्षातून एकदा लेप बघून घ्या. आणि घासणी स्वयंपाकघरात!" बाबा मान डोलावत होते.

बाकावर बसून मी हळूच विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुला बोलला असता. मला बोलला, त्यात माझं काय झिजलं?"

"बाबा, तुमची नजर चांगली आहे. चूक माझी होती. त्या दिवशीही."

"असू दे गं," ते गुडघे चोळत म्हणाले. "वय झालंच आहे."

निघालो तेव्हा दिवस मावळला होता. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. मीच दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसले, तेव्हा बऱ्याच वेळाने ते स्टिअरिंगवर येऊन बसले. दिवे लागले. उजेड पार पुढच्या वळणापर्यंत गेला. झाडांच्या बुंध्यांवरचे चुन्याचे पट्टेसुद्धा मोजता आले असते.

गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने चालली होती. वळण आलं. त्यांनी वेग आणखी कमी केला.

"समोर कोणी नाही ना गं?"

"नाही, बाबा."

पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा विचारलं.